निरोगी दिसणारा उंदीर

पशुवैद्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अडलेली म्हैस येते, नाहीतर इंजेक्शनच्या भीतीने टेबलाखाली घुसलेलं लॅब्राडॉर. मी उंदरांची डॉक्टर आहे असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे मारायचं औषध देता का?" परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते तेव्हा मलाही वाटलं नव्हतं की आयुष्य उंदरांच्या शेपट्या तपासण्यात जाईल. आता मी एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात काम करते. कागदोपत्री ते प्राणिगृह, बोलताना सगळ्यांच्या तोंडी अ‍ॅनिमल हाउस. पांढरे उंदीर, काळे उंदीर, आणि अंगावर केसच नसलेले, गुलाबी, सुरकुतलेले न्यूड माइस, म्हणजे कॅन्सरवाल्यांचे लाडके. शिवाय रॅट, थोडे हॅमस्टर, गिनीपिग.

आजारी उंदराची मला फारशी काळजी वाटत नाही. तो अंग फुगवून कोपऱ्यात बसतो, डोळे बारीक करतो, केस विस्कटतात. पिंजरे बदलणाऱ्या मामांना तो माझ्या आधी दिसतो. "मॅडम, तिसऱ्या रॅकवरचा एक जण गप्प बसलाय," असं त्यांनी सांगितलं की पुढचं काम ठरलेलं असतं. झोप उडवतो तो निरोगी दिसणारा उंदीर. खातो, पितो, पिल्लं घालतो, वजन बरोबर, अंगावर तुकतुकी. आणि पोटात विषाणू.

तो विषाणू उंदराचं काही बिघडवत नसेल तर आपण का घाबरायचं, हा प्रश्न मला पाहुणे विचारतात, आणि कधीकधी शास्त्रज्ञही विचारतात. म्हणून दोन जुन्या हकिकती सांगते.

पहिली 1960 सालची. व्हर्नन रायली आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत उंदरांच्या गाठींवर काम करत होते. गाठ रोवलेल्या उंदराच्या रक्तात एलडीएच नावाचं एन्झाइम पाच-दहा पट वाढलेलं दिसायचं, तेही गाठ नीट वाढण्याआधीच. कॅन्सरची लवकर लागणारी चाहूल मिळाली, असं कोणालाही वाटलं असतं. शोधत गेल्यावर निघालं भलतंच. एका उंदरातून दुसऱ्यात गाठ रोवताना तिच्याबरोबर एक विषाणू फुकट प्रवास करत होता, आणि एन्झाइम वाढवत होता तो. गाठीशिवाय नुसता विषाणू दिला तरी एन्झाइम वाढायचं. हा विषाणू अंगात शिरला की जन्मभर रक्तात राहतो आणि उंदीर दिसायला ठणठणीत असतो.

दुसरी हकिकत मला जास्त बोचते. मेरीलँडमधल्या फ्रेडरिक इथे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं केंद्र आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे रसायनांचा दीर्घकालीन परिणाम तपासणारा एक प्रयोग चालू होता. अशा प्रयोगात एका गटाला काहीच द्यायचं नसतं. त्याला कंट्रोल म्हणतात, आणि सगळी तुलना त्याच्याशी होते. तर यकृताला सूज आणि यकृतात गाठी निघाल्या या कंट्रोल गटातल्या उंदरांमध्ये! ज्यांना काही दिलंच नव्हतं त्यांना. शेवटी यकृतात एक नवा वळणदार जिवाणू सापडला. 1994 साली त्याचं नामकरण झालं, हेलिकोबॅक्टर हिपॅटिकस. आपल्या जठरात अल्सर करणाऱ्या जिवाणूचा हा भाऊबंद. तुलनेचं मापच वाकडं निघाल्यावर प्रयोगातून काय मोजायचं? आणि त्या प्रयोगासाठी गेलेल्या प्राण्यांचं काय? प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल कोणाचं मत काहीही असो, घाणेरड्या उंदरावर केलेला प्रयोग ही निव्वळ नासाडी आहे, यावर वाद होऊ नये.

रोग शिरतो कुठून, तर जिथे आपलं लक्ष नाही तिथून. 1995 साली अमेरिकेत बेथेस्डा इथल्या नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत एक्ट्रोमेलिया, म्हणजे उंदरांची देवी, फुटली. ती कोणत्या नव्या उंदराबरोबर आली नव्हती. प्रयोगासाठी विकत आणलेल्या उंदरांच्या रक्तद्रव्याच्या बाटलीतून आली होती. दारावर पहारा चोख, आणि चोर सामानातून आत. कधी प्राणिगृहातला रोग माणसापर्यंतही पोहोचतो. 1970 आणि 80च्या दशकांत जपानमधल्या प्रयोगशाळांत रॅटपासून हंताविषाणूची लागण शंभरावर कर्मचाऱ्यांना झाली, एकाचा जीव गेला. रॅट मात्र मजेत होते.

तर हे ओळखायचं कसं? आमच्याकडची जुनी पद्धत म्हणजे सेंटिनल, पहारेकरी उंदीर. प्रत्येक रॅकवर एकदोन पिंजऱ्यांत स्वच्छ वंशाचे, प्रयोगात नसलेले उंदीर ठेवायचे. मामा पिंजरे बदलतात तेव्हा बाकीच्या पिंजऱ्यांतलं वापरलेलं बेडिंग, म्हणजे मक्याच्या कणसाचा भुगा, लघवी-लेंड्यांसकट चमचा चमचा काढून या पहारेकऱ्यांच्या पिंजऱ्यात टाकतात. रॅकवर कुठेही रोग असेल तर तो या मार्गाने त्यांना लागावा, अशी अपेक्षा. मग साधारण तीन महिन्यांनी त्यांचं रक्त, लेंड्या, केस, आतडी तपासायला पाठवायची. युरोपातल्या प्रयोगप्राणी संघटनांचा महासंघ, फेलासा, यानेही 2014च्या शिफारशींत तीन महिन्यांचंच अंतर धरलं आहे.

पद्धत चांगली आहे, पण हळू आहे. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी विषाणू आत आला तर पुढच्या फेरीपर्यंत तीन महिने तो मोकळा. शिवाय रक्तात आपण शोधतो ती प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने रोगाला दिलेलं उत्तर, आणि ते तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. न्यूड उंदरांना थायमस ग्रंथीच नसते, त्यामुळे त्यांच्याकडून असं उत्तर मिळण्याचा भरवसाच नाही. सेंडाई विषाणू आणि केसांतल्या उवांसारख्या किडी मळक्या बेडिंगमधून पहारेकऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत, ही आणखी एक खोट. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जाणार, तिथे रांगेत थांबणार, मग अहवाल येणार. एकदा आमचा एक अहवाल इतका रेंगाळला की तो आला तेव्हा ज्या खोलीबद्दल शंका होती तिथल्या उंदरांची पुढची पिढी वयात आली होती. दोष कोणाला देणार? नमुना बर्फात होता, आम्ही पाण्यात.

या उशिराची किंमत काय ते एका विषाणूवरून समजतं. माउस हिपॅटायटिस व्हायरस, थोडक्यात एमएचव्ही, हा उंदरांचा कोरोनाविषाणू आहे, आणि माणसाच्या कोविडच्या विषाणूच्याच बीटा गटातला. धट्टाकट्टा प्रौढ उंदीर काही आठवड्यांत तो झटकून टाकतो. साथ चालू राहते ती नव्याने जन्मणाऱ्या पिल्लांवर. म्हणून लवकर कळलं तर एक साधा उपाय असतो. त्या खोलीतलं प्रजनन थांबवायचं, नवे उंदीर आणायचे नाहीत, काही आठवडे वाट पाहायची. जळायला नवं लाकूड मिळालं नाही की आग विझते. उशिरा कळलं तर विषाणू न्यूड उंदरांच्या खोलीत गेलेला असतो, तिथे ते खंगत जातात, आणि मग अख्खी खोली रिकामी करून भ्रूण काढून स्वच्छ मादीत रोवून वंश पुन्हा उभा करण्याशिवाय गत्यंतर नसतं. ते काम महागडं, किचकट, आणि त्यात जीव जातात.

नॅनोतंत्रज्ञानाकडे मी वळले ती या वाट पाहण्याला कंटाळून. नाव भारदस्त आहे, त्यामुळे मी आधी नाकच मुरडलं होतं. पण त्यातलं सगळ्यात कामाचं रूप आपण प्रत्येकाने हातात धरलेलं आहे. 2021च्या मे महिन्यात आयसीएमआरने घरी करायच्या पहिल्या कोरोना चाचणीला परवानगी दिली, ती पुण्याच्या मायलॅबची कोव्हीसेल्फ. नाकात काडी, द्रवात बुडव, थेंब टाक, पंधरा मिनिटांनी रेघ बघ. अशा पट्ट्यांवरची लालसर रेघ बहुतेक वेळा सोन्याची असते.

सोनं लाल कसं? एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सोन्याचा कण वीस-चाळीस नॅनोमीटरचा झाला की त्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका लयीत हलू लागतात आणि हिरवा प्रकाश गिळतात. उरतो तो लाल. मायकेल फॅरडेने 1857 साली रॉयल सोसायटीपुढे या माणकाच्या रंगाच्या सोन्याबद्दल निबंध वाचला होता. रंग कणांच्या बारीकपणामुळे येतो हे त्याने तेव्हाच ताडलं होतं.

आमच्या शेजारच्या रसायनशास्त्र विभागात एक मुलगा अशा पट्टीवर पीएचडी करतो आहे. सोनं बनवताना त्याने मला मुद्दाम बोलावलं. काचेच्या चंबूत सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं, जवळजवळ पाण्यासारखं द्रावण उकळत होतं. त्यात त्याने सोडियम सायट्रेट ओतलं. 1951 साली टर्केविचने बसवलेली ही कृती आजही तशीच चालते. आधी पिवळेपणा गेला, क्षणभर काहीच नाही. मग करडी झाक आली, मग दौतीतल्या शाईसारखा निळा-काळा, मला वाटलं बिघडलं. तो हसला. "थांबा ना मॅडम." बघता बघता त्या काळ्यातून जांभळा निघाला आणि मग स्वच्छ लाल, डाळिंबाच्या रसाचा. सगळा खेळ काही मिनिटांचा.

पुढची पायरी मला त्याहून आवडली. त्या कणांवर एमएचव्हीच्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं बसवायची असतात. ती पुरेशी बसली की नाही हे कळायला त्याने दोन छोट्या नळ्या घेतल्या आणि दोन्हींत चिमूटभर मिठाचं पाणी टाकलं. ज्या नळीत सोनं उघडं होतं तिथले कण एकमेकांना बिलगले आणि लाल पाणी झटक्यात निळं पडलं. दुसरीत प्रतिपिंडांचं कवच होतं, ती लालच राहिली. एकही यंत्र नाही, फक्त मीठ आणि डोळे.

पट्टीची रचना सरळ आहे. एका टोकाला नमुना शोषणारी गादी, तिच्या पुढे सुकवून ठेवलेलं हे लाल सोनं, मग नायट्रोसेल्युलोजचा पांढरा पडदा, शेवटी ओल ओढून घेणारा जाड टिपकागद. उंदराच्या दोन-तीन लेंड्या द्रवात घोळवायच्या, गाळ बसू द्यायचा, वरच्या द्रवाचे थेंब गादीवर टाकायचे. विषाणू असेल तर सोन्याची प्रतिपिंडं त्याला धरतात आणि ही जोडी पडद्यावरून सरकत जाते. पडद्यावर एका अदृश्य रेघेत दुसरी प्रतिपिंडं रोवलेली असतात, ती विषाणूला दुसऱ्या बाजूने पकडतात. सोनं तिथे अडतं, साचतं, रेघ दिसते. त्यापुढची दुसरी रेघ विषाणू असो-नसो उमटलीच पाहिजे. ती नसेल तर पट्टी खराब. आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पाकीट आधी फोडून ठेवलं तर ती खराब होतेच.

मापांचा एक योग मला गमतीचा वाटतो. उंदरांचा पार्व्होविषाणू साधारण पंचवीस नॅनोमीटरचा असतो. म्हणजे ज्या सोन्याच्या कणाने त्याला शोधायचं, तो आणि चोर एकाच अंगकाठीचे. हा पार्व्हो आमचा जुना वैरी. त्याला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरने हात चोळल्याने त्याला काही होत नाही, आणि धुळीत तो महिनोन्महिने तग धरतो. कोरोनानंतर प्रत्येक जण दारात सॅनिटायझर दाबून छाती फुगवून आत येतो. मी त्यांना साबणाने हात धुवायला लावते आणि गाऊन बदलायला लावते, म्हणून माझं नाव विभागात फारसं प्रेमाने घेतलं जात नाही.

साध्या पट्टीला एक मर्यादा आहे. विषाणू कमी असला की रेघ इतकी फिकी येते की तिघांना तीन उत्तरं दिसतात. त्यावर दोन युक्त्या आहेत. एक म्हणजे सोन्याच्या कणांवर चांदीचा थर चढवायचा. कण फुगतो, फिकी रेघ काळी होऊन उठते. दुसरी मला अधिक व्यवहार्य वाटते, लोहचुंबकाची. आयर्न ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रतिपिंडं बसवून ते भरपूर द्रवात सोडायचे, विषाणू त्यांना चिकटू द्यायचा आणि नळीला बाहेरून चुंबक लावायचा. सगळे कण भिंतीला गोळा होतात, घाण पाणी ओतून द्यायचं, उरलेलं थेंबभर द्रवात घ्यायचं. पसरलेला विषाणू एका थेंबात आला. लेंडीतली पित्तद्रव्यं आणि इतर कचरा चाचणीत खोडा घालतात, तेही धुऊन निघतात.

चुंबकाचा खरा उपयोग मला धुळीसाठी दिसतो, तिच्यातला विरळ विषाणू वेचायला. हल्लीचे पिंजरे हवाबंद असतात, प्रत्येकात गाळलेली हवा आत जाते आणि बाहेर पडणारी एका मोठ्या नळीत एकत्र होते. त्या नळीतल्या धुळीत अख्ख्या रॅकच्या उंदरांचे केस, कोंडा, लेंड्यांचा चुरा असतो. ती धूळ पुसून पीसीआर करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळली आहे, आणि त्यामुळे पहारेकरी उंदरांची गरजच कमी होते. 1959 साली रसेल आणि बर्च यांनी प्राणी कमी वापरा, शक्य तिथे पर्याय शोधा, त्रास कमी करा, ही त्रिसूत्री मांडली. नैतिकतेच्या समितीपुढे आम्ही ती दरवेळी लिहून देतो. धुळीची तपासणी म्हणजे ती त्रिसूत्री खरोखर पाळणं.

आता थोडा विरोधी सूर. "दहा मिनिटांत निदान" अशी जाहिरात दिसली की मी आधी हिशेब घालते. समजा हजार उंदीर आहेत आणि दहांना खरोखर लागण आहे. पट्टी शंभरातले नव्वद रोगी पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या पाचांवर खोटी रेघ देते, असं धरू. ऐकायला वाईट नाही. दहांतले नऊ सापडले. पण नऊशे नव्वद निरोग्यांतल्या जवळजवळ पन्नासांवरही रेघ आली. एकोणसाठ रेघांत खऱ्या नऊ. या पट्टीवर विसंबून मी उंदीर मारले तर सहातले पाच निष्पाप. आता तीच पट्टी अशा कळपावर लावा जिथे हजारांतले तीनशे रोगी आहेत. खऱ्या रेघा दोनशे सत्तर, खोट्या पस्तीस. पट्टी बदलली नाही, खोली बदलली.

म्हणून माझ्या लेखी या पट्टीची जागा ठरलेली आहे. स्वच्छ म्हणून वर्षानुवर्षं जपलेल्या खोलीत ती रोज लावणं म्हणजे स्वतःहून घबराट विकत घेणं. ती हवी क्वारंटाइनच्या दारावर, जिथे दुसऱ्या संस्थेकडून पाकिटात कागद आणि पिंजऱ्यात उंदीर येतात आणि कागदावर सगळं "निगेटिव्ह" असतं. ती हवी मामांनी "गप्प बसलाय" म्हटल्यावर, पाच मिनिटांत. रेघ आली तर खोली बंद, हालचाल बंद, नमुना पीसीआरला. जीव घेण्याचा निर्णय पीसीआर आल्यावर. खोली बंद करायला पट्टीचा शब्द पुरे. आणि उलटं एक भान ठेवायचं. रोग अगदी उतू जात असेल तरी रेघ फिकी पडू शकते, कारण विषाणू इतके असतात की सोन्यावरची आणि रेघेवरची दोन्ही प्रतिपिंडं वेगवेगळ्या विषाणूंनी आधीच भरून जातात आणि जोडी जुळत नाही. शंका असेल तर नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावायचा. फिकी रेघ गडद झाली तर समजायचं.

मग अशा पट्ट्या कपाटात का नाहीत? माणसांच्या चाचणीला करोडोंचं गिऱ्हाईक होतं, आमचं गिऱ्हाईक म्हणजे देशभरातली नोंदणीकृत प्राणिगृहं. एवढ्याशा बाजारासाठी कोण कारखाना उभारणार? त्यामुळे हे काम सध्या तरी पीएचडीच्या मुलांच्या चंबूत चालतं. आमच्या मुलाची अडचण आणखी वेगळी आहे. पट्टी पारखायला खात्रीचा रोगी नमुना लागतो, आणि माझ्याकडे तो असेल तर माझी नोकरी जाईल. सध्या हा मुलगा पेशींमध्ये वाढवून निष्क्रिय केलेला विषाणू स्वच्छ लेंड्यांत मोजून मिसळतो. ते ठीक आहे, पण आतड्यातून निघालेली लेंडी आणि वरून कालवलेली लेंडी यांत फरक पडतोच. म्हणून ठरलंय की क्वारंटाइनला येणाऱ्या प्रत्येक खेपेचा नमुना दोन भागांत ठेवायचा, एक पीसीआरला, एक उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये पट्टीसाठी. पुरेसे जमले की दोन्ही उत्तरं समोरासमोर मांडायची. फ्रीझरचा एक खण या नमुन्यांनीच भरत आलाय आणि लसवाले शेजारी कुरकुरतात. मामांनी डब्यांवर मोठ्या अक्षरांत "लेंड्या – टाकू नये" लिहून ठेवलंय, तेवढं पुरेल असं दिसतंय.